एसयू एचएस४ रिबिल्ड किट: एमजीबीच्या जोड कार्बोरेटरसाठी पूर्ण किट घ्यावं की नुसतं सर्व्हिस किट?

आयडलिंग वरखाली होतंय, बोनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतोय, चोक आत ढकलला तरी गाडी रिचच (मिश्रणात पेट्रोल जास्त) चालतेय. एसयू कार्बोरेटरच्या या तक्रारी दिसल्या की एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मालक सरळ पूर्ण रिबिल्ड किट मागवून मोकळे होतात. किट वाईट नाही. अस्सल एसयू खोक्यातलं असेल तर चांगलंच आहे. पण यातल्या बऱ्याच तक्रारींना सर्व्हिस किट पुरतं, आणि जी तक्रार सगळ्यात चिवट असते ती पूर्ण किटनेही जात नाही, कारण तिचं मूळ किटमध्ये नसलेल्या भागात असतं. म्हणून पैसे देण्याआधी कार्बोरेटर गाडीवर असतानाच तपासून घ्यावा.

आधी कोणता कार्बोरेटर आहे ते पक्कं करा. एचएसपुढचा आकडा म्हणजे एक इंचाच्या वर किती अष्टमांश. एचएस२ सव्वा इंची, एचएस४ दीड इंची, एचएस६ पावणेदोन इंची आणि एचएस८ दोन इंची. मिजेट आणि स्प्राइटवर एचएस२ची जोडी, रोव्हर २०००वर एकटा एचएस६, तर १९६२पासूनच्या एमजीबीवर एचएस४ची जोडी. सत्तरच्या दशकात एमजीबीवर एचआयएफ४ आला. त्याचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बॉडीच्या खाली, आतच असतो, आणि त्याला हे किट अजिबात चालत नाही. बाजूला लटकलेलं वेगळं फ्लोट चेंबर दिसलं तर तो एचएस.

एवढ्यावर मात्र ऑर्डर देऊ नका. फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या एका स्क्रूखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर एयूडीने सुरू होणारा क्रमांक असतो. नीडल (पेट्रोल कमीजास्त करणारी निमुळती सुई) कोणती, स्प्रिंग कोणती, जेट (ती सुई ज्यात वरखाली होते ती पेट्रोलची नळी) कोणता, हे सगळं त्या क्रमांकावरून ठरतं. साठ वर्षांत ती पट्टी कुणीतरी फेकून दिलेली असते, किंवा दुसऱ्याच गाडीचे कार्बोरेटर बसवलेले असतात. तसं असेल तर नीडल काढून तिच्या दांड्यावर कोरलेली अक्षरं वाचा आणि ती या इंजिनाच्या मूळ तक्त्याशी जुळतात का ते बघा.

किटमध्ये काय असतं

सर्व्हिस किट म्हणजे फ्लोटचा नीडल व्हाल्व्ह, गॅसकेट, सील आणि वॉशर. पूर्ण किटमध्ये याशिवाय थ्रॉटल डिस्क (हवेची वाट उघडझाप करणारी चकती), तिचे स्क्रू आणि ती ज्यावर फिरते तो दांडा म्हणजे थ्रॉटल स्पिंडल, जेट, जेटची नीडल आणि काही स्प्रिंगा येतात. किंमत दोन्हींत बरीच वेगळी असते आणि तो फरक मुख्यतः स्पिंडल, जेट आणि नीडल यांचा असतो. किट एका कार्बोरेटरचं आहे की जोडीचं, हे नीट वाचा. जेट डावे-उजवे वेगळे मिळतात. दोन्ही एकाच बाजूचे आले तर एकाची नायलॉन नळी फ्लोट चेंबरपर्यंत पीळ खाऊन जाते आणि जेट वर परत येताना अडकतो.

काय नसतं, तेही बघा. पिस्टन आणि त्याच्यावरचं सक्शन चेंबर किटमध्ये नसतं, आणि ते योग्यच आहे. कारखान्यात दोघांची जोडी जुळवलेली असते, म्हणून दोन कार्बोरेटरच्या सुट्या भागांची सरमिसळ होऊ देऊ नये. डॅम्पर, म्हणजे पिस्टनची उडी तेलात मंदावणारा भाग, बहुधा वेगळा घ्यावा लागतो. फ्लोटही तपासूनच ठरवा. जुन्या नायलॉनच्या फ्लोटचा सांधा फुटला की आत पेट्रोल शिरतं, फ्लोट जड होतो, आणि नवा कोरा व्हाल्व्ह बसवला तरी ओव्हरफ्लो थांबत नाही. कानाशी धरून हलवला की आतला द्रव कळतो. बर्लेन कंपनीचे स्टेअप नावाचे भरीव फ्लोट आत पोकळ नसल्यामुळे असे बुडत नाहीत. एसयूचं नाव आज सॅलिसबरीच्या याच कंपनीकडे आहे. फ्लोट हा एवढा एक भाग बिनधास्त जादा घ्यावा.

ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. सुपर ग्रेड मात्र ई५ राहिलं. जुन्या गाडीत सुपर भरणं बरं, पण किट घेताना सील आणि व्हाल्व्हचं टोक व्हायटॉनचं (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं) आहे ना, हेही बघा. साध्या रबराचे सील फुगतात. टाकीपासून येणारा जुना रबरी पाइप बदलायचा असेल तर आर९ दर्जाचा घ्या. इथेनॉलमुळे आतून सुटलेले रबराचे काळे कण नीडल व्हाल्व्हमध्ये अडकतात आणि दोष मात्र नव्या किटवर येतो.

अस्सल की बिनानावाचं

स्वस्त, बिनानावाच्या किटमध्ये नेहमी सापडणारे दोष असे: जेटच्या तळाशी नळी सैल, गॅसकेटची भोकं सरकलेली, डिस्कच्या स्क्रूंची टोकं चिरलेली नाहीत, आणि नीडल व्हाल्व्ह मधेच चिकटणारा. गॅसकेट आणि वॉशरपुरतं असं किट चालून जाईल. जेट, नीडल आणि स्पिंडल यांत मात्र दोन थाऊचा, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशांचा फरकही इंजिनाला कळतो. एचएस४चा जेट ०.०९० इंचाचा. त्यात निमुळती नीडल वरखाली होते आणि मधली कडेची फट म्हणजेच मिश्रण. इथे काटकसर करायची असेल तर किटच घेऊ नका, जुनाच जेट स्वच्छ करून वापरा.

या कार्बोरेटरची मूळ कल्पना १९०५च्या पेटंटची, स्किनर बंधूंची. घराणं पादत्राणांच्या धंद्यातलं, आणि पहिल्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता! तत्त्व आजही तेच आहे. हवा जितकी जास्त ओढली जाईल तितका पिस्टन वर जातो, नीडल जेटमधून तितकी बाहेर येते आणि पेट्रोल वाढतं. फिरणारे भाग इतके थोडे आहेत म्हणूनच हे काम घरी होतं. आणि म्हणूनच हवा नको तिथून आत शिरली तर सगळा हिशेब बिघडतो.

स्पिंडल: पैसे इथे वाया जातात किंवा वसूल होतात

थ्रॉटल स्पिंडल आणि बॉडीतलं भोक झिजलं की आयडलिंगला त्या फटीतून हवा शिरते. मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, मालक जेट खाली करून ते रिच करतो, मग आयडलिंग कसंबसं लागतं पण रस्त्यावर गाडी पेट्रोल पिते. तपासायची पहिली पद्धत साधी आहे. स्पिंडलचं टोक बोटात धरून वरखाली हलवा. हाताला स्पष्ट खडखड जाणवली तर झीज आहे. इंजिन चालू ठेवून स्पिंडलच्या टोकाशी क्लीनरचा फवारा मारायची पद्धतही सर्रास सांगितली जाते. एमजीबीवर ती टाळावी. या इंजिनाचे इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्बोरेटरच्या बरोब्बर खाली असतो. तिथे ज्वालाग्राही फवारा मारणं शहाणपणाचं नाही. त्याऐवजी स्पिंडलच्या टोकाशी थोडं जाड ग्रीस लावून बघा. आयडलिंग बदललं तर गळती तिथेच.

कार्बोरेटर उतरवल्यावर स्पिंडल मायक्रोमीटरने मोजा. जिथे तो बॉडीत फिरतो तिथला व्यास आणि बाहेर राहिलेल्या न झिजलेल्या भागाचा व्यास, दोन्ही घ्या. दोन-तीन थाऊचा फरक असेल तर स्पिंडल झिजला आहे आणि नव्याने फरक पडेल. आता नवा स्पिंडल भोकात कोरडाच घालून हलवा. न डगमगता मोकळा फिरला तर पूर्ण किटचे पैसे वसूल. नवा स्पिंडलही डगमगत असेल तर भोक लंबवर्तुळाकार झालं आहे, आणि जगातलं कुठलंही किट ते भरून काढणार नाही. तिथे दोनच वाटा: बॉडीला बुश (भोकात बसणारी बारीक नळी) बसवणं, किंवा दहा थाऊ जाड स्पिंडल घेऊन भोक रीम करणं, म्हणजे नेमक्या मापाला मोठं करणं. दोन्ही भोकं एका रेषेत राहिली पाहिजेत. हातातल्या ड्रिलने ती राहत नाहीत. मग डिस्क तिरकी बसते आणि थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही. हे काम यंत्रशाळेला द्यावं आणि बाकीचं घरी करावं. बॉडी तिकडे पाठवायचीच असेल तर पूर्ण किट आधी घेऊ नका, कारण बुशसोबत बहुतेक ठिकाणी नवा स्पिंडलही लावून देतात.

डिस्क काढण्याआधी ती कोणत्या बाजूने, कशी बसली आहे याची खूण करा. डिस्क पूर्ण गोल नसते, तिची कड तिरकी घासलेली असते, त्यामुळे ती एकाच दिशेने नीट बंद होते. स्क्रूची टोकं चिरून पसरवलेली असतात. ती पक्कडीने जवळ आणून किंवा कानसने घासून मगच स्क्रू फिरवा, नाहीतर स्पिंडलमधले आटे जातात. (स्पिंडल बदलायचाच असेल तर आट्यांची फिकीर नको.) बसवताना नवे स्क्रू सैल ठेवा, थ्रॉटल दोन-तीनदा झटकन बंद करा म्हणजे डिस्क आपली जागा घेते, मग स्क्रू कसा आणि टोकं पसरवा. हे पसरवणं कंटाळून सोडून देऊ नका. सुटलेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो.

काही डिस्कवर स्प्रिंगचा छोटा व्हाल्व्ह असतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम फार वाढला की तो उघडावा म्हणून दिलेला. त्याची स्प्रिंग थकली की तो आयडलिंगलाच उघडा राहतो आणि आरपीएम काही केल्या खाली येत नाही. नव्या किटमध्ये साधी डिस्क आली तर तीच बसवा, त्यात नुकसान काही नाही.

जेट बसवताना

एचएसमध्ये चोक ओढला की जेटच खाली सरकतो आणि मिश्रण रिच होतं. वेगळी चोकची झडप नाही. त्यामुळे चोक आत ढकलल्यावर जेट पूर्ण वर आला नाही तर गाडी कायम रिच चालते. नवा जेट मागवण्याआधी खालून बोटाने दाबून बघा. टक करून वर सरकला तर आधी चोकची केबल आणि स्प्रिंग बघा. कित्येकदा तेवढ्यावरच भागतं.

जेटची नायलॉन नळी फ्लोट चेंबरच्या तळाशी रबरी ग्लँड, वॉशर आणि नट यांनी बसते. ग्लँडच्या पुढे नळी निदान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास बाहेर राहिली पाहिजे. कमी राहिली तर नट कसताना नळी निसटते आणि पेट्रोल थेट खालच्या गरम मॅनिफोल्डवर टपकतं. नट फार आवळायची गरज नसते. जुनी ग्लँड पुन्हा वापरू नका.

नीडलचा खांदा पिस्टनच्या खालच्या पृष्ठभागाशी सपाट यायला हवा. साठच्या दशकाच्या अखेरीपासून आलेली स्प्रिंगवाली नीडल जेटच्या एका बाजूला टेकूनच चालते, तिला सेंटरिंग, म्हणजे जेट नीडलच्या बरोबर मध्ये आणणं, लागत नाही. पण त्यामुळेच तिचा जेट एका बाजूने लांबट झिजतो आणि बदलताना नीडल-जेट जोडीनेच बदलावे. जुन्या स्थिर नीडलला सेंटरिंग अटळ आहे. जेट पूर्ण वर ठेवून त्याचा लॉक नट सैल करा, पिस्टन आणि चेंबर बसवा, वरून डॅम्परच्या भोकातून पेन्सिलने पिस्टन खाली दाबून धरा आणि नट कसा. मग पिस्टन उचलून सोडा. तो मऊ टक आवाज करत ब्रिजवर (जेटचं तोंड असलेल्या उंचवट्यावर) आदळला पाहिजे, जेट वर असताना आणि खाली असतानाही सारखाच. खाली असतानाचा आवाज जास्त स्पष्ट आला तर पुन्हा करा. पहिल्या खेपेला बहुधा जमत नाही आणि किटसोबतच्या कागदावर, असलाच तर, हे पुरेसं सांगितलेलं नसतं. या किटची सगळ्यात लंगडी बाजू हीच. भागांचं चित्र असतं, क्रम नसतो.

पिस्टन आणि चेंबर पेट्रोलने किंवा पॅराफिनने धुवा. पॉलिश पेपर लावू नका. दोघांमधली फट नेमकी ठेवलेली असते, ती वाढली की पिस्टन आळशी होतो. मूळ चाचणी अशी: पिस्टनची भोकं बंद करून, डॅम्पर लावून दोन्ही उलटे करा आणि पिस्टन धरून ठेवा. दीड इंची कार्बोरेटरमध्ये चेंबर ५ ते ७ सेकंदांत पूर्ण खाली यायला हवा. फार लवकर आला तर झीज आहे, आणि तीही किटच्या आवाक्याबाहेरची. पिस्टनवरची स्प्रिंग टोकाच्या रंगावरून ओळखतात: निळी अडीच औंस, लाल साडेचार, पिवळी आठ, हिरवी बारा. एमजीबीला लाल. जोडीत एकीकडे लाल आणि एकीकडे पिवळी निघाली तर महिनाभर बॅलन्स लावत बसलात तरी लागणार नाही.

गॅसकेटची गंमत

दोन कार्बोरेटरना मॅनिफोल्डच्या बाजूला सहा गॅसकेट लागतात. मॅनिफोल्ड, गॅसकेट, उष्णतारोधक ठोकळा, गॅसकेट, हीट शील्ड, गॅसकेट, मग कार्बोरेटर. किटमध्ये मोजून घ्या. एक कमी असेल तर तिथे सीलंट फासून वेळ मारून नेऊ नका.

एअर फिल्टरच्या बाजूचं गॅसकेट अधिक खोडकर. कार्बोरेटरच्या तोंडाशी दोन बारीक भोकं असतात, त्यांतून पिस्टनखालच्या जागेला हवा मिळते. गॅसकेट उलटं बसवलं की ती भोकं झाकली जातात, पिस्टन पूर्ण वर जात नाही आणि इंजिन वरच्या आरपीएमला दम सोडतं. किट टाकल्यानंतर पिकअप गेला अशी तक्रार ऐकली की सगळ्यात आधी हे गॅसकेट बघावं.

सेटिंग

कार्बोरेटरला हात लावण्याआधी इग्निशन आणि व्हाल्व्ह क्लिअरन्स नीट असायला हवेत. पॉइंट १४ ते १६ थाऊ, प्लग २५ थाऊ, व्हाल्व्ह थंड इंजिनावर १५ थाऊ. इथली चूक कार्बोरेटरने झाकता येत नाही.

फ्लोटची पातळी झाकण उलटं धरून बघतात. झाकणाची कड आणि फ्लोटचा दांडा यांच्यामध्ये १/८ ते ३/१६ इंचाची गोल सळई बसली पाहिजे. सव्वातीन मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा दांडा चालतो. जेट ब्रिजशी सपाट आणून मग जेटखालचा नट १२ फ्लॅट (नटची एक सपाट बाजू म्हणजे एक फ्लॅट), म्हणजे दोन पूर्ण फेरे खाली घ्या. आयडलिंगचे स्क्रू नुसते टेकल्यावर दीड फेरा आत. दोन कार्बोरेटरमधले थ्रॉटलचे आणि जेटचे जोडक्लॅम्प सैल केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, नाहीतर एक स्क्रू दोघांना ओढतो. डॅम्परमध्ये एसएई २० तेल घाला. झाकणाला हवेचं भोक असेल तर पातळी पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या अर्धा इंच वर, धूळरोधक बंद प्रकार असेल तर अर्धा इंच खाली. तेल संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गचकते.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आधी हवा सारखी करा, एअरफ्लो मीटरने किंवा कानाला रबरी नळी लावून सुस्कारा ऐकून. मग मिश्रण, दोन्ही जेट एकेक फ्लॅट सारखेच फिरवत. शेवटी लिफ्ट पिनने (कार्बोरेटरवरच असलेल्या, पिस्टन उचलायच्या खुंटीने) पिस्टन १/३२ इंच उचला. आरपीएम क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावला तर बरोबर, वाढून तसाच राहिला तर रिच, इंजिन मरायला लागलं तर लीन. पिन जास्त उचलली तर कुठलंही इंजिन लीनसारखं वागतं. एक कार्बोरेटर बदलला की दुसरा पुन्हा तपासायचा, आणि सगळं जुळल्यावर जोडक्लॅम्प कसायचे.

किट कुणी घ्यावं

ओव्हरफ्लो, जुने कडक सील, वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी: सर्व्हिस किट आणि तपासलेला किंवा नवा फ्लोट. स्पिंडल मोजून झिजलेला आणि बॉडी शाबूत: पूर्ण किट, अस्सलच. बॉडीचं भोक गेलेलं: बुश आणि स्पिंडल यंत्रशाळेकडून, सोबत सर्व्हिस किट, आणि जेट-नीडल सुटे. ज्यांच्याकडे मायक्रोमीटर नाही त्यांनी तो आधी आणावा. चुकीच्या किटपेक्षा तो स्वस्त पडतो.

पहिले शंभर मैल झाल्यावर गाडी थंड असताना झाकणाचे आणि चेंबरचे स्क्रू पुन्हा हलके कसा. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, जोर लावला तर आटे जातात. डॅम्परचं तेल बघा. इग्निशन फक्त ऑन करून पंपाची टिकटिक ऐका. फ्लोट चेंबर भरले की ती थांबली पाहिजे. टिकटिक चालूच राहिली तर कुठेतरी व्हाल्व्ह बसत नाहीये किंवा नळी गळतेय. चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही, म्हणजे मॅनिफोल्डवर पडणारा पेट्रोलचा थेंब दुसरं कुणी बघणार नाही. ग्लँडखाली पांढरा कागद धरा आणि पंप दोन मिनिटं चालू द्या.